भूमीखालचा शेजार

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. तेथून सुमारे ९० किलोमीटरवरील करवीरनगरीलाही तो धक्का जाणवला. त्या काळचे कोल्हापूर बहुतांशी बैठ्या व दुमजली घरांचे होते. आज त्याच पेठांतून जुन्या घरांना खेटून बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. असा भूकंप पुन्हा झाला, तर शेजारची इमारत आपल्या घराचे काय करील, हा प्रश्न विचारणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

इमारत भूमीचे धक्के केवळ सोसते, हा समज अपुरा आहे. हलणारी इमारत आपल्या पायामार्फत भूमीलाही हलविते. त्या लहरी मातीतून पसरतात आणि शेजारच्या पायाला जाऊन भिडतात. लुको व काँतेस या संशोधकांनी १९७३ साली गणिताने दाखविले की, मोठ्या इमारतीलगतच्या लहान बांधकामावर हा परिणाम विशेष होतो. शेजारामुळे हादरा कधी कमी होतो, कधी वाढतो. पण माती मऊ असेल तेथे त्याची उपेक्षा परवडत नाही.

कोल्हापूरची भूमी सर्वत्र सारखी नाही. कोठे कठीण खडक, कोठे काळी माती, तर पंचगंगेकाठी गाळ. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ ही तर बुजविलेली तळी. १९८५ साली मेक्सिको शहरापासून शेकडो किलोमीटर दूर भूकंप झाला. तरी जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेल्या भागात हाहाकार उडाला आणि लगतच्या इमारती एकमेकींवर आदळल्या. हा धडा आपण विसरू नये.

२०१६ च्या भारतीय मानकाने कोल्हापूरचा समावेश तिसऱ्या भूकंपपट्ट्यात केला. इमारती परस्परांवर आदळू नयेत म्हणून त्यांत अंतर राखण्याचा नियमही त्यात आहे. परंतु हा झाला भूमीवरचा शेजार. भूमीखालच्या शेजाराचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. प्रत्येक इमारत जणू माळावर एकटीच उभी आहे, असे धरून तिचे गणित केले जाते.

दाट वस्तीत उंच इमारतीला परवानगी देताना महापालिकेने मातीची कसून तपासणी करवावी, लगतच्या घरांच्या पायांची नोंद घ्यावी आणि मऊ भूमीवर दोन्ही बांधकामांचा एकत्र विचार झाल्याचा अभियंत्याचा दाखला मागावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. यास खर्च येईल, विलंबही होईल. पण ज्याने आपल्या घराची एक वीटही हलविलेली नाही, त्याने शेजाऱ्याच्या मजल्यांची किंमत का मोजावी?