फुटबॉलमध्ये तिजोरीचा वजनगट का नाही?

सातारा-सांगलीत कुस्ती जोडताना आधी वजन पाहतात. फुटबॉलमध्ये तिजोरीचे वजन कोण पाहते?

नियम काय? इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये, 2016-17 पासून तीन हंगामांतील तोट्याला 3.9 कोटी पौंडांची मर्यादा आली. ती ओलांडल्याने 2019 मध्ये बर्मिंगहॅम सिटीचे 9 गुण कापले गेले.

मेख कुठे? मर्यादा तोट्यावर आहे, खर्चावर नाही. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबना तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. त्यामुळे ते इतरांहून जास्त खर्च करूनही नियमात बसतात.

आपल्याकडे? 2022-23 मध्ये आय-लीग देशाची दुसरी श्रेणी झाली आणि विजेत्याला आयएसएलचे दार उघडले. ही चुरस खरी ठेवायची, तर तोट्याला लगाम पुरेसा नाही. वरच्या श्रेणीच्या कमाईतला वाटाही खाली यायला हवा. नाहीतर सामन्याचा निकाल शिट्टीआधीच ठरलेला असेल.