त्यांच्या मनातली एक भीती

मैत्रिणींनो, आजचा विषय पाहून पान उलटू नका. घरात वर्दळ असेल तर अंक उशीखाली ठेवा आणि दुपारी निवांत वाचा.

मागे आमच्या ढोकीतली एक ओळखीची बाई ब्लाउज शिवायला टाकायचं निमित्त करून आली आणि रडायलाच लागली. नवऱ्याच्या कपाटात तेलाच्या बाटल्या सापडल्या होत्या. भिशीचे पैसे त्यातच गेलेले. हिला वाटलं, बाहेर काही भानगड आहे! तसं काही नव्हतं. आपलं इंद्रिय लहान आहे, या धास्तीनं तो लग्नापासून कुढत होता.

आता खरं काय ते ऐका. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी वीस पाहण्या एकत्र केल्या. डॉक्टरांनी स्वतः मोजलेले, सुमारे साडेपंधरा हजार पुरुष. सरासरी लांबी शिथिल असताना ९.१६ सेंटीमीटर, ताठरतेत १३.१२, म्हणजे सव्वापाच इंचांच्याही किंचित आत. थोडंफार कमीजास्त असणारच. आपली नाकं तरी कुठे सारखी असतात? शिवाय पुरुष स्वतःकडे वरून पाहतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा आखूडच दिसतं. थंडीत आक्रसतं, पोट सुटलं की चरबीत दडतं. आणि आपल्या बाजूनं सांगायचं तर, योनीची संवेदना मुख्यतः बाहेरच्या भागात असते. खोलीचा एवढा बाऊ कशाला?

अशा शंकांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. खटला हरले, पण ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पुढे १९५४ च्या कायद्यानं कामशक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आली. तरी भिंती रंगतातच. तेलानं लांबी वाढत नाही हो! कातडी मात्र भाजते.

ताठरताच येत नसेल, दुखत असेल किंवा वाकडेपणा नव्यानं आला असेल, तर डॉक्टर गाठा. कधी कधी मुळाशी मधुमेह निघतो.

थट्टेत मात्र या गोष्टीवर एक शब्द बोलू नका. आपण विसरतो, ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

त्या बाईनं घरी जाऊन एवढंच म्हटलं, “माझी काही तक्रार आहे का? मग?” बाटल्या मोरीत ओतल्या. मोरी दोन दिवस तेलकट राहिली, ती सोड्यानं घासावी लागली.