उद्घाटनाची संध्याकाळ आणि पुढचे दिवस

तालुक्याच्या गावात चित्रप्रदर्शन भरवायचे तर आधी भिंत शोधावी लागते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या गदिमा सभागृहासारखी मोठी सभागृहे आहेत, इंदापुरातही शाळा-महाविद्यालयांचे हॉल आहेत. पण सभागृह बांधले जाते ते भाषण, नाटक आणि गाण्यासाठी. तिथे सगळ्या खुर्च्या रंगमंचाकडे तोंड करून असतात आणि बाजूच्या भिंतींवर खिडक्या, पंख्यांची बटणे व देणगीदारांच्या पाट्या असतात. चित्राला मात्र मोकळी भिंत, समोर चार-पाच पावले मागे सरकायला जागा आणि चित्रावर पडणारा प्रकाश लागतो. म्हणून सभागृहाबाहेरच्या मोकळ्या जागेत किंवा वर्गात कापड चढवलेल्या चौकटी उभ्या केल्या जातात आणि तेवढ्यापुरते कलादालन तयार होते.

महाराष्ट्रात चित्रप्रदर्शनाची रीत रुजली ती मुंबईत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली आणि तिची वार्षिक प्रदर्शने चित्रकारांना नाव मिळवून देऊ लागली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. होमी भाभा आणि चित्रकार के. के. हेब्बर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता, तर पैसा सर कावसजी जहांगीर यांनी दिला. तिथले प्रदर्शन मंगळवारी सुरू होते आणि पुढच्या सोमवारी संपते. त्या एका आठवड्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतले चित्रकार कित्येक वर्षे आधी अर्ज करून ठेवतात. पुण्यात १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर झाले, तेव्हा त्याच वास्तूत कलादालनही आले. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि इंदापूरहून त्याहून लांब. चौकटी, काचा आणि कॅनव्हास टेम्पोत घालून तिथवर न्यायचे, आठवडाभर राहायचे आणि चित्रकार शिक्षक असेल तर तेवढे दिवस शाळेतून रजा काढायची, हा खर्च प्रत्येकाला झेपत नाही.

चांगले दालन मोठ्या शहरातच होते असेही नाही. सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले आणि ते १९३८ साली खुले झाले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंतचा संग्रह त्या लहानशा गावात आहे. संस्थानिकाची आवड आणि तिजोरी एका ठिकाणी आल्यामुळे तो घडला. आजच्या तालुक्याच्या गावात ते काम वर्गणी, संस्थेची मदत आणि चित्रकला शिक्षक यांच्यावर येते.

या शिक्षकांच्या मागे एक जुनी व्यवस्था उभी आहे. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना गावोगावची मुले बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे या परीक्षांतले विषय. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने पालकही मुलांना उत्साहाने बसवतात. त्यामुळे रंग कालवता येणारी मुले गावात पुष्कळ असतात, पण त्यांनी छापील पानाबाहेरचे मूळ चित्र क्वचितच पाहिलेले असते.

विषयांना या भागात तोटा नाही. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तर बेलवाडीला घोडा धावतो. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे छायाचित्रकार येतात. धरणाचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. ऊसतोडीच्या टोळ्या आणि मोरगावचा मयूरेश्वर हे आणखी विषय. रिंगणाचे चित्र बघणारा बहुधा स्वतः रिंगणात उभा राहिलेला असतो आणि घोड्याचा पाय चुकला तर तो लगेच सांगतो.

मांडणीचे नियम साधे आहेत. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा. मुले अधिक येणार असतील तर तो थोडा खाली घ्यावा. जलरंगाच्या चित्राला माउंट आणि काच लागते. पण ट्यूबलाइट समोर असली की काचेत चित्राऐवजी बघणाराच दिसतो, म्हणून दिवा वरून तिरका सोडतात. जलरंग प्रखर उजेडात फिके पडतात, त्यांना खिडकीजवळ लावत नाहीत. दोन चित्रांत हातभर अंतर ठेवतात. पन्नास चित्रे दाटीने लावण्यापेक्षा वीस चित्रे मोकळी लावलेली बरी. शेजारच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, माध्यम, आकार आणि किंमत असते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी फीत कापली जाते, दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन होते, मग प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगते आणि आभार. पाहुणे एखाद्या संस्थेचे अध्यक्ष किंवा लोकप्रतिनिधी असले तर यायला उशीर होतो आणि तोवर फीत बांधलेलीच राहते. लोक बाहेर खुर्च्यांवर बसलेले असतात आणि चित्रे आत. समारंभ संपल्यावर पाहुण्यांची धावती फेरी, छायाचित्रे आणि चहा. या समारंभामुळे वर्तमानपत्रात बातमी येते, देणगीदार जोडले जातात, चित्रकाराच्या घरच्यांना मान मिळतो, आणि गावात एवढ्या कारणांसाठी तो आवश्यकही आहे. काही आयोजक चित्रे आधी पाहू देतात आणि भाषणे नंतर ठेवतात. तेवढ्या बदलाने त्या संध्याकाळी चित्रे खरोखर पाहिली जातात.

प्रदर्शनाचे काम होते ते पुढच्या दिवसांत. शाळांच्या रांगा येतात, तेव्हा चित्रकार समोर असणे महत्त्वाचे. कागद आधी ओला केला होता का, कुंचला कोणता, हे प्रश्न तिथेच विचारले जातात. एखादा तास समोर बसून चित्र काढून दाखवले तर गर्दी हटत नाही. विक्री थोडी होते. शहरातल्या खासगी दालनांत किमतीचा तिसरा ते निम्मा हिस्सा दालनाकडे जातो. गावातल्या प्रदर्शनात तसा वाटा बहुधा नसतो, पण गिऱ्हाईकही मोजके असते: नवे घर बांधलेला डॉक्टर, दवाखान्यासाठी निसर्गचित्र शोधणारा कोणी, किंवा चित्रकाराचाच जुना विद्यार्थी. लहान आकाराची, परवडणारी चित्रे आणि छापील प्रती ठेवल्या तर पहिली खरेदी करणाऱ्याची भीड मोडते.

शेवटच्या दिवशी चित्रे उतरतात, चौकटी परत जातात आणि हॉल पुन्हा सभेसाठी मोकळा होतो. तेव्हा चित्रांची यादी, प्रत्येक चित्राचे एक छायाचित्र आणि अभिप्राय वही जपून ठेवावी लागते. कायमचे दालन नसलेल्या गावात कोणत्या वर्षी कोण काय रंगवत होते, हे पुढे एवढ्यावरूनच कळते. पुढचे प्रदर्शन भरवणाऱ्याला संस्थेकडे हॉल मागताना दाखवायलाही तीच यादी उपयोगी पडते.