‘हरमपासून ५०० मीटर’ म्हणजे किती?

उमऱ्याची पत्रके हल्ली प्रत्येक मोहल्ल्यात फिरतात. लोक ती आमच्याकडे वाचून घ्यायला आणतात आणि विचारतात, “यात स्वस्त कोणते?” आम्ही उलट विचारतो, “तुमच्यात सर्वांत वयस्कर कोण आहे?” मुक्कामाची जागा त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून ठरवावी.

हिशेब सोपा आहे. हॉटेल ५०० मीटरवर असेल आणि पाचही नमाजांना ये-जा केली, तर दिवसाचे पाच किलोमीटर होतात. त्यात पटांगण ओलांडून मताफपर्यंतचे चालणे धरलेले नाही. उमऱ्याच्या दिवशी तवाफ वेगळा आणि सईचे सुमारे तीन किलोमीटर वेगळे. शिवाय मक्का डोंगरांत वसले आहे. अजयादकडचे रस्ते चढाचे, तर मिसफला व इब्राहीम खलील रस्ता त्या मानाने सपाट. म्हणून अंतरासोबत चढही विचारावा.

अजीजिया भाग हरमपासून काही किलोमीटर दूर, पण स्वस्त. पत्रकात ‘बसची सोय’ लिहिलेली असते. ती बस किती वाजेपर्यंत आहे, कोठे सोडते, हे विचारा. नमाजेच्या वेळी हरमभोवतीचे रस्ते अडवले जातात, आणि इशानंतर बसला मोठी गर्दी होते. तरुण जोडप्याला हे जमते. अम्मी-अब्बांना घेऊन जाणाऱ्यांनी हवे तर मुक्कामाचे दिवस कमी करावेत, पण जवळ राहावे. दूरच राहावे लागले, तर असरला निघून इशानंतर परतणे बरे, फेऱ्या वाचतात.

खोलीचेही विचारून घ्या. एका खोलीत किती खाटा, न्हाणीघर किती जणांत? चार-पाच खाटांच्या खोल्यांत पुरुष व स्त्रिया वेगळे ठेवतात, म्हणजे मियाँ-बीवी वेगळ्या खोल्यांत. अब्बांच्या औषधांच्या वेळा अम्मीच पाहत असतील, तर ही बाब किरकोळ नाही.

मदिना मुनव्वरा सपाट आहे. मस्जिदे नबवीभोवतीच्या मरकजिया भागात चालणे सोपे जाते. घरातल्या स्त्रियांसाठी त्यांच्या दरवाजांच्या बाजूचे हॉटेल मागावे.

हजला जाणाऱ्यांसाठी मिनाचे तंबू हा आणखी एक मुक्काम. १९९७ च्या भीषण आगीनंतर तेथे आगीला दाद न देणाऱ्या कापडाचे तंबू उभारले गेले. गाद्या अरुंद, लागून लागून; स्वच्छतागृहांपुढे रांगा. येथे पैशांचा फरक मुख्यतः तंबू जमरातपासून किती दूर यावर पडतो. मुजदलिफाची रात्र मात्र उघड्या आकाशाखालीच. तेथे श्रीमंत-गरीब दोघांनाही एक चटई पुरते.

शेवटचे सांगणे. पावतीवर हॉटेलचे नाव, भाग आणि रात्रींची संख्या लिहून घ्या. नावापुढे ‘किंवा तत्सम’ असे शब्द असतील, तर त्यांचा अर्थ पैसे देण्यापूर्वीच विचारा. आणि खिडकीतून काबा दिसावा म्हणून कर्ज काढू नका. आपण तेथे खिडकीत बसायला जात नाही. थकवा राखून, नमाज जमातीने मिळावी एवढी जवळ जागा मिळाली, की पुष्कळ झाले. अल्लाह तआला सर्वांना ती हाजिरी नसीब करो.