प्रेक्षकांच्या आधी आलेला खेळाडू

३ सप्टेंबर १९७७ रोजी तोक्योच्या कोराकुएन मैदानावर सादाहारू ओ याने ७५६वा होमरन फटकावून अमेरिकेच्या हँक आरनला मागे टाकले. दोनच दिवसांत सरकारने त्याला नव्याने सुरू केलेला राष्ट्रीय सन्मान बहाल केला. जपान बेसबॉलमय झाला होता. पुढच्याच महिन्यात फुरुकावा इलेक्ट्रिक कंपनीच्या फुटबॉल संघातला पंचवीस वर्षांचा यासुहिको ओकुदेरा पश्चिम जर्मनीच्या कोलोन क्लबमध्ये दाखल झाला. प्रशिक्षक वाइसवायलर यांनी त्याला हेरले होते.

पहिल्याच मोसमात कोलोनने लीग आणि जर्मन चषक दोन्ही जिंकले. लीगच्या शेवटच्या दिवशी ग्लाडबाखने डॉर्टमुंडचा १२-० असा धुव्वा उडवला, तरी कोलोनने सांक्ट पाउलीला ५-० हरवून गोलफरकावर विजेतेपद राखले. त्या पाचांपैकी दोन गोल ओकुदेराचे. १९७९ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत नॉटिंगहॅमला तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याच्याच गोलमुळे सामना ३-३ असा सुटला.

मायदेशी हे पाहणार कोण? १९६८च्या ऑलिंपिक कांस्यपदकाची हवा केव्हाच ओसरली होती. फुटबॉल हा कंपन्यांच्या नोकरदारांचा खेळ. परदेशी सामने दाखवणारा ‘डायमंड सॉकर’ हा कार्यक्रम पूर्वार्ध एका आठवड्यात आणि उत्तरार्ध पुढच्या आठवड्यात दाखवी! १९८१ मध्ये ‘कॅप्टन त्सुबासा’ ही एका फुटबॉलवेड्या मुलाची चित्रमालिका सुरू झाली आणि तिने पोरांना वेड लावले. कागदावरच्या मुलामागे देश धावत होता, तेव्हा हाडामांसाचा ओकुदेरा ब्रेमेनकडून खेळत होता.

लोकप्रियता पराक्रमाच्या मापाने मिळते, हा समज इथे टिकत नाही. १५ मे १९९३ रोजी जे-लीग ही जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली आणि प्रेक्षक तयार झाला. काझुयोशी मिउरा त्याच्या पहिल्या प्रेमाचा धनी. जेनोआकडून इटालियन लीगमध्ये त्याचा गोल एकच. तरी १९९८च्या विश्वचषक संघातून त्याला वगळले तेव्हा देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी हिदेतोशी नाकाताने पेरुजाकडून पदार्पणातच युव्हेंटसला दोन गोल मारले. २००१ मध्ये रोमाने लीग जिंकली, तेव्हा तोही संघात होता, पण तिथे तो बहुतेक वेळा कर्णधार तोत्तीचा पर्यायच राहिला. नाकाता थोर होताच. पण ओकुदेराने मागे कुणाची पाऊलवाट नसताना जर्मनीच्या बुंडेसलीगात २३४ सामने खेळले, आणि माझ्या लेखी ते अधिक अवघड होते.

१९८६ मध्ये ओकुदेरा परतला, तेव्हा हौशी खेळाडूंच्या त्या व्यवस्थेला त्याच्यासाठी जागा करावी लागली: काझुशी किमुरासह तो देशातला पहिला अधिकृत व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला. १९८८ मध्ये तो निवृत्त झाला. जे-लीगला अजून पाच वर्षे अवकाश होता.