शिंजीर ऐकू येतो का?



ज्येष्ठांच्या तक्रारींमध्ये एक तक्रार अशी असते की जिच्यासाठी चिठ्ठीवर कोणतेही औषध लिहिता येत नाही : ‘दिवस सरत नाही.’ तिच्यावर आज एक उपाय सुचवावासा वाटतो. घराभोवतीचे पक्षी रोज थोडा वेळ पाहावेत आणि वहीत त्यांची चित्रे काढावीत. हा नुसता विरंगुळा नाही. त्या वहीत आपले डोळे, कान आणि हात यांचीही नोंद नकळत होत राहते.

पक्षी पाहायला आपल्याकडे दूर जावे लागत नाही. दौंडकरांना भिगवण जवळ आहे; तेथे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली तर नावानेच ओळखली जाते. नातवंडांसह एकदा तेथे जरूर जावे. रोजच्यासाठी मात्र घराची गॅलरी किंवा अंगण पुरेसे आहे. कडुनिंबावर बुलबुल, तारेवर होला, जास्वंदीवर शिंजीर, आणि उन्हे तापू लागली की ‘टुक टुक’ करणारा तांबट, एवढी मंडळी बहुतेकांच्या दारी येतातच.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली १,२९२ व्यक्तींच्या मोबाइलवरील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसला किंवा ऐकू आला की मनाला बरे वाटते आणि तो परिणाम काही काळ टिकतो, असे त्यात आढळले. नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तसेच दिसले. अर्थात नैराश्याची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

हाती मोबाइल असताना चित्र कशाला, असे आपण विचाराल. छायाचित्र क्षणात निघते. चित्रासाठी मात्र नीट पाहावे लागते. बुलबुलाची शेंडी काळी आहे, शेपटीखाली लाल डाग आहे, हे काढताना ध्यानात येते आणि ध्यानात राहते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील प्रयोगांत लिहिलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहिले, आणि हा लाभ ज्येष्ठांनाही झाला.

बिनरेघी वही आणि मऊ पेन्सिल घ्यावी. अंगासाठी अंडाकृती, डोक्यासाठी लहान गोल, मग चोच व शेपटी. खोडरबर नको. शेजारी तारीख, वेळ आणि ऐकू आलेला आवाज लिहावा. दिवसाला एक पक्षी पुरे.

आता घरच्या मंडळींसाठी महत्त्वाचे. ही वही अधूनमधून चाळत जा. होल्याचे घुमणे आणि तांबटाचा ठोका आजोबांना ऐकू येतो, पण जास्वंदीवरच्या शिंजीराची बारीक चिवचिव येत नाही, असे दिसले तर कानांची तपासणी करून घ्या. वयोमानानुसार आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. बोलण्यातील ‘स’, ‘फ’ यांसारखे वर्णही निसटतात. मग शब्द अर्धवट कळतात आणि ‘बाबा लक्षच देत नाहीत’ असा समज घरात होतो. माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला पडतो. कधी कारण साधे, कानातील मळ असते. कधी श्रवणयंत्राची गरज असते. दुर्लक्षित बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांपैकी एक मानला जातो, म्हणून यात चालढकल नको.

रंग फिके वा पिवळसर भासू लागले तर मोतीबिंदू असू शकतो. एकेक डोळा झाकून पाहताना खिडकीचा सरळ गज मध्येच वाकडा दिसला, तर नेत्रतज्ज्ञांना त्वरित दाखवावे. तो दृष्टिपटलाचा विकार असू शकतो. चित्र आणि अक्षर महिनोन्‌महिने बारीक होत गेले, किंवा हात स्वस्थ असतानाही थरथरू लागला, तर कंपवाताची शक्यता तपासावी. पेन्सिल हातातून अचानक गळून पडली, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

काही पथ्ये पाळावीत. खुर्चीत बसूनच पाहावे; मान फार वर केल्यास भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. दुर्बीण सूर्याकडे रोखू नये. पारव्यांना दाणे टाकू नयेत. त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. पाण्याचे भांडे रोज घासून भरावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. घरट्यांजवळ जाऊ नये.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची खाट खिडकीशी सरकवावी आणि सेवा करणाऱ्यानेही दहा मिनिटे शेजारी बसावे. त्या दहा मिनिटांत औषधांचा विषय नको. तेवढी विश्रांती त्यालाही हवीच असते.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हा जन्मदिन. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आपण मात्र त्याची वाट पाहू नये. उद्या सकाळी चहा झाला की पहिले पान उघडावे, आणि पुढच्या तपासणीला येताना रक्तदाबाच्या नोंदींबरोबर ही वहीही आपल्या डॉक्टरांना दाखवावी.