दंडावरचा शुगर सेन्सर: पाच हजार घालवण्याआधी हे वाचा

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या घरात नाही तर शेजारी कुणाला तरी ‘शुगर’ असणारच. आता रील्समध्ये दंडाला गोल चकती लावलेले लोक दिसतात आणि प्रश्न पडतो, आई-बाबांसाठी हे घ्यावं का?

चालतं कसं?
चकतीचा बारीक तंतू त्वचेखाली असतो. तो थेट रक्तातली नाही, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर 14 दिवस चालतो. फोन जवळ नेला की एनएफसीवरून आकडा आणि मागच्या 8 तासांचा आलेख दिसतो. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसतं, त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये बघा.

फायदा काय?
ग्लुकोमीटर त्या क्षणाचा आकडा देतो. सेन्सरमुळे रात्री 2 वाजता शुगर पडते का, भाकरीनंतर किती चढते आणि भातानंतर किती, हे कळतं. बहुतेक प्रौढांसाठी दिवसातला 70 टक्क्यांहून जास्त वेळ शुगर 70 ते 180 मध्ये राहावी, असं टार्गेट असतं. अहमदपूरहून लातूर किंवा नांदेडच्या स्पेशालिस्टकडे जाणाऱ्या पेशंटला 14 दिवसांचा रिपोर्ट सोबत नेता येतो.

आंधळा विश्वास नको
शुगर झपाट्याने बदलताना सेन्सर काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलं तरी आकडा खोटा कमी येऊ शकतो. नोव्हेंबर 2025 मध्ये ॲबट कंपनीनेच सांगितलं, की लिब्रे 3 चे काही सेन्सर चुकीचे कमी आकडे दाखवतात. अशा आकड्यावर इन्सुलिन कमी घेतलं किंवा जास्त खाल्लं तर जिवावर बेतू शकतं. त्रास एक आणि आकडा दुसरा असेल, तर बोट टोचून खात्री करा.

मग घ्यायचा कुणी?
एक सेन्सर साधारण 4 ते 5 हजारांना, महिन्याला दोन लागतात. इन्सुलिनवर असलेल्यांना, विशेषतः टाइप 1 वाल्यांना, याचा खरा उपयोग. फक्त गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून अधूनमधून एखादा लावला तरी पुरे. मधुमेहच नसेल, तर तेच पैसे वाचवा.

आणि ‘न टोचता शुगर दाखवणारं’ स्वस्त स्मार्टवॉच? अजिबात घेऊ नका. असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्येच दिलाय.